शेजारच्या सीटवर

नव्या गाड्या तपासायच्या त्या ट्रॅकवर एक रीत होती. चालकाने धाव संपवून गाडी आत आणली, की इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढून मांडीवर घ्यायचं, पण सीटचा पट्टा सोडायचा नाही. तसंच बसून गाडीबद्दल जे वाटलं ते बोलून टाकायचं. पडद्यावरचे आलेख बघायचे ते त्यानंतर. आधी माणूस, मग यंत्र. चालकाने एकदा का रेघा पाहिल्या की तो गाडीबद्दल न बोलता रेघांबद्दल बोलायला लागतो, असं ट्रॅकच्या साहेबांचं म्हणणं, आणि इतक्या वर्षांत ते कोणी खोडून काढलं नव्हतं.

त्या दिवशी पिवळी गाडी आत आली आणि इंजिनीअरबाई खिडकीशी वाकल्या.

"सांगा काका."

"स्थिर आहे," तो म्हणाला.

"ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यात? अगदी शेवटी?"

"तिथेही. वेग वाढतो तशी खाली बसते. काही काळजी नाही."

"स्टिअरिंगवरची बोटं सैल सोडून पाहिलीत?"

"पाहिली. आपली आपण सरळ जाते."

बाईंचा जीव भांड्यात पडला. गाडीचा मागचा पंख त्यांना खाली उतरवावा लागला होता. वरच्या लोकांचा हट्ट, गाडी मागून देखणी दिसली पाहिजे. पण पंख उतरवला की मागच्या चाकांना खाली दाबून धरणारा वारा कमी होतो, आणि भर वेगात तेवढंच महागात पडू शकतं. ह्या धास्तीने बाई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. आता ह्या माणसाने स्थिर म्हटलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याला तिथे सगळे ओळंबेराव म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. कधीतरी टायरवाल्याने गमतीने नाव पाडलं आणि ते चिकटलं. पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव वाचून नवीन माणसं विचारायची, हे कोण?

लोकांना वाटतं, वेग म्हणजे थरथराट, आवाज, छातीत धडधड. तसं नसतं. चांगली स्पोर्ट्स कार वेगात गप्प होत जाते. शंभरला कुठलीही गाडी शहाणीच असते. दोनशेच्या पुढे वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलायला बघतो. चांगली गाडी तेव्हा आणखी खाली बसते, रस्त्याला धरून राहते. स्टिअरिंग हातात जागं असतं, पण कुरकुर करत नाही. अडीचशेला माणूस शेजारच्याशी दोन शब्द बोलू शकतो. वाईट गाडी मागून हलकी होते. डोळ्यांना काही दिसत नाही. फक्त कमरेखाली, सीटमध्ये, असं वाटतं की मागची चाकं दुसरीकडेच कुठेतरी जायचा विचार करताहेत. गेलेली नसतात, नुसता विचार असतो. तो विचार ज्याला ओळखता येतो त्याला कंपनी सीटवर बसवते. ह्याला तो अर्ध्या श्वासात ओळखता यायचा. म्हणून तर ओळंबेराव.

त्याची बायको वारली त्याला फार दिवस झाले नव्हते. ऑपरेशन लहान आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लहानच होतं. त्यानंतरचा ताप मोठा निघाला. ती एका बेकरीत कामाला होती. दवाखान्यात जाताना बेकरीतल्या बाईला फोन करून सांगून गेली, माझी भट्टी दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी सोमवारी येतेच.

साहेबांनी त्याला सांगितलं होतं, हवी तेवढी सुट्टी घ्या. त्याने आठवड्याच्या आतच फोन केला.

"साहेब, घरात बसवत नाही. सीटवर बसू द्या."

साहेबांना नाही म्हणवलं नाही. आणि खरंच, सीटवर बसलं की बरं वाटायचं. दार लागायचं, पट्टा छातीवर आवळला जायचा, आणि गाडी बाहेर पडली की डोक्यात दुसरं काही यायला जागाच उरायची नाही. दिवसभरात तेवढाच काय तो मोकळा श्वास. बाकी सगळा दिवस त्या धावेपर्यंत ढकलायचा किंवा त्या धावेनंतर रेटायचा.

त्या दिवशी दुपारी त्याच पिवळ्या गाडीत भोवरा बसला. हा दुसरा चालक, पस्तिशीचा गडी. एकदा ओल्या ट्रॅकवर गाडी गरगर फिरवून गवतात नेली आणि बाहेर येऊन म्हणाला, पुन्हा जाऊ का? तेव्हापासून भोवरा. काम ओळंबेरावांच्याच हाताखाली शिकला होता. नुकतीच त्याला मुलगी झाली होती.

भोवऱ्याने गाडी आत आणली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "मागून हलतेय."

बाईंचा चेहरा पडला. "नक्की?"

"बाई, मी काय गंमत करतोय का? झाडं संपतात ना, वारा आडवा लागतो, तिथे मागचं टोक सुटल्यासारखं होतं. पंख वर घ्या."

आता दोन चालक, दोन शब्द. असं होऊ नये म्हणून चालकांनी एकमेकांना काही सांगायचं नाही अशीही रीत होती. पण चहाच्या खोलीत कुठली रीत टिकते? टायरवाल्याने अर्धा कप संपायच्या आत सगळं बाहेर काढलं.

"अरे भोवऱ्या, गाडी नव्हती हलत. पाळणा हलत होता. रात्रभर झोके देतोस, तेच अंगात राहिलंय तुझ्या."

सगळे हसले. भोवराही थोडा हसला.

"हसा. पूर्ण वेगाची लांब धाव मलाच मारायचीय. तुम्हाला इथे बसून टायरच मोजायचेत."

"बाप झाला की माणूस भितो रे," टायरवाला म्हणाला. "लाजायचं काय त्यात. माझा मुलगा झाला तेव्हा मी जिना उतरताना कठडा धरायला लागलो होतो. बायको म्हणाली, बाळंतपण तुझं झालंय की माझं?"

भोवरा ओळंबेरावांकडे वळला. "काका, तुम्हाला काहीच नाही लागलं हाताला? झाडांच्या पुढे?"

"नाही रे."

"माझ्या तर पोटात गोळा आला तिथे."

"पोटाचं नको सांगूस. गाडीचं सांग."

भोवऱ्याने कप न संपवताच खाली ठेवला. कारण 'आधी पोटाला विचार, मग हातांना' हे त्याला शिकवलेलं ज्याने, तोच हे बोलत होता. टायरवाल्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने उगाच साखरेचा डबा पुढे सरकवला.

साहेबांनी ओळंबेरावांचा शब्द धरला. धरणारच होते. पण संध्याकाळी बाईंनी आलेख उघडले आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा सेन्सर असतो, त्याची रेघ ओळंबेरावांच्या धावेत वेडीवाकडी आली होती. गाडी सरळ आणि स्टिअरिंगची रेघ मात्र करवतीसारखी. बाईंनी एका सेकंदात निष्कर्ष काढला, सेन्सर बिघडला.

ही चूक त्याला ओळखणाऱ्यांकडूनच व्हायची. बाहेरचा कोणी असता तर त्याने आधी चालकाकडे पाहिलं असतं. इथे मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ओळंबा कलत नसतो, कलते ती भिंत.

दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला. त्याने पुन्हा धाव मारली, पुन्हा पट्टा न सोडता 'स्थिर' म्हणाला. रेघ तीच, करवत. वायर बदलली. त्याने तिसरी धाव मारली. तेच.

"सेन्सर झाला, वायर झाली," टायरवाला म्हणाला, "आता ओळंबेरावांनाच बदलून बघा."

सगळे हसले. तोही हसला. मग बाईंच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "दाखवा बघू काय आहे ते. माझं बोलून झालंय, आता बघायला हरकत नाही."

बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. "ही वरची रेघ भोवऱ्याची. झाडांपर्यंत सरळ. तिथे गाडी हलते, मग तो सावरतो, हा हेलकावा. ही खालची तुमची."

खालची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक दात्यांची होती. एकही जागा मोकळी नव्हती.

"हा सेन्सर खरा धरला ना काका, तर अर्थ असा होतो की गाडी हलायच्या आतच तुम्ही तिला जागेवर आणताय. सारखं. क्षणभरही थांबत नाही. आणि हे बघा, तुम्ही बोटं सैल सोडली म्हणालात ती जागा. तिथे तर जास्तच. म्हणून म्हणते, सेन्सरच, कधी चालतो कधी दगा देतो. असं कोणी चालवूच शकत नाही. हात मोडून येतील."

तो बघत राहिला. त्याचे हात खरंच दुखत होते. कोपरापासून खाली, रोज रात्री. त्याला वाटलं होतं वय झालं.

"मागच्या वर्षीची माझी एखादी धाव आहे?"

बाईंनी काढून दिली. दुसरी गाडी, तोच ट्रॅक, तोच पट्टा. दोरा ताणून धरावा तशी रेघ. बोटं सैल सोडलेल्या ठिकाणी तर नुसती आडवी, सपाट.

"हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला. बाई हसल्या. त्यांना वाटलं गंमत केली.

"साहेब म्हणाले, मोजणीची नवीन पेटी मागवू, पण तोवर काम अडवायचं नाही. पंख आहे तसाच ठेवायचा. उद्या भोवरा पूर्ण वेगाने जाईल, आणि मग गाडी पास." बाईंनी पडदा बंद केला. "तुमचा शब्द आहे म्हणून मला झोप लागेल."

त्याने तिथेच बोलायला हवं होतं. त्याला कळलं होतं. रेघ पाहताक्षणी कळलं होतं. पण बोललं की सीट गेली. उद्या सकाळी उठून कुठे जायचं? तो 'येतो' म्हणाला आणि निघाला.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. दारात बूट काढले, किल्ली हळूच फिरवली, दार ढकलून आत आला आणि ते आवाज न करता लावून घेतलं. बोळातला दिवा लावला नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली नाही, उचलून मागे घेतली आणि उचलूनच खाली ठेवली. नळ बारीक सोडला. भांडं नळाखाली तिरकं धरलं, म्हणजे पाणी वाजणार नाही.

मग त्याचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं.

ती पहाटे अंधारातच बेकरीत जायची, म्हणून संध्याकाळी लवकर पडायची. तो कामावरून यायचा तेव्हा आतल्या खोलीत तिचा डोळा लागलेला असायचा. तिची झोप मोडू नये म्हणून हे सगळं. वर्षानुवर्षं. खुर्ची उचलायची, नळ बारीक, दिवा नाही. आणि तरी दरवेळी आतून पलंगाची करकर ऐकू यायची. ती कूस वळायची. त्याला वाटायचं, आजही मोडली हिची झोप. मग दुसऱ्या दिवशी तो आणखी हळू.

आता आत कोणी नव्हतं. तो नळाखाली भांडं तिरकं धरून उभा होता.

फोन वाजला. मुलगी. ती लांबच्या शहरात असायची, रोज ह्या वेळी फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"आत्ताच आलोय गं. जेवेन."

"आवाज का बारीक करून बोलताय? कोणी आहे का?"

त्याने नळ बंद केला. "नाही. कोणी नाही."

"बरे आहात ना?"

"मस्त. काही काळजी नाही."

फोन ठेवल्यावर त्याने मुद्दाम खुर्ची ओढून पाहिली. फरशीवर कर्रकन आवाज झाला. आतून काहीच आलं नाही. त्याने ती पुन्हा उचलून जागेवर ठेवली. इलाज नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी ट्रॅकवर पोचला. साहेब आले तसा त्यांना गाठून म्हणाला, "भोवऱ्याबरोबर मी शेजारी बसतो. एक धाव. मग काय ते ठरवा."

"शेजारी?" साहेबांना कळेना. "तुम्ही आणि शेजारी? तुम्ही तर लग्नाच्या गाडीतही ड्रायव्हरला उठवून बसला होतात."

"आज बसतो."

शेजारच्या सीटवर मोजणीची पेटी पट्ट्याने बांधलेली असायची. ती काढून मागे ठेवावी लागली. टायरवाला पेटी उचलताना पुटपुटला, "सासूबाई बसल्यात शेजारी. सांभाळून चालव रे भोवऱ्या." पण कोणी हसलं नाही. भोवऱ्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाटलं, काका आपली परीक्षा घ्यायला बसताहेत.

"हात कुठे ठेवू?" पट्टा आवळल्यावर ओळंबेरावांनी विचारलं.

"मांडीवर ठेवा काका. दुसरीकडे कुठे ठेवणार."

पहिला फेरा हळू गेला. टायर तापू दिले. शेजारच्या बाजूने ट्रॅक वेगळाच दिसत होता. कुंपण जवळ, झाडं जवळ. ह्या बाजूला ती बसायची. ट्रॅकवर नव्हे, आपल्या घरच्या गाडीत. मांडीवर पिशवी, पिशवीत संत्री. सोलून एकेक फोड त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, वाऱ्यासारखी गाडी हाकणारा माणूस मला मात्र बैलगाडीतून नेतो. वेग किती असतो रे तुझा, असं तिने कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. विचारत नाही म्हणजे तिला फिकीर नाही, असं तो धरून चालला होता.

"जाऊ?" भोवरा म्हणाला.

"जा."

गाडीने पाठीला ढकललं. दोनशे. सव्वादोनशे. लांब पट्टा समोर उघडला. अडीचशेला त्याला पहिल्यांदा लागलं. हातांना नव्हे, हातांना करायला काही नव्हतंच. कमरेखाली, सीटमध्ये. मागचं टोक हलकं झालं, जरासं डावीकडे गेलं, परत आलं. मग उजवीकडे. झाडं संपली, वारा आडवा आला आणि गाडीच्या मागच्या चाकांनी विचार केला. इतका स्पष्ट की तो ऐकू यावा. भोवऱ्याने सावरलं. पुन्हा झालं. पुन्हा सावरलं. शेजारी ओळंबेरावांचे हात मांडीवरून उठले आणि हवेत, नसलेल्या स्टिअरिंगभोवती गोळा झाले. त्याने ते खाली दाबून धरले.

आणि मग त्याच्या पोटात गोळा आला.

मांडीवर हात ठेवून बसायचं. चालवणारा दुसराच. वेग दुसऱ्याच्या पायात. आपण काही करायचं नाही, करता येतच नाही, फक्त पोचेपर्यंत बसून राहायचं. दवाखान्यात तो असाच बसला होता, त्या बाकावर, आणि तेव्हाही त्याचे हात असेच कशाला तरी धरायला बघत होते. तिची चादर सारखी करत होते. सलाईनची नळी सरळ करत होते. उशी वर, उशी खाली. नर्स म्हणाली, आजोबा, राहू द्या, सगळं ठीक आहे. काहीही ठीक नव्हतं. पण हात थांबले की ते कळलं असतं, म्हणून हात थांबले नाहीत. ती गेल्यावरही थांबले नाहीत. घरात खुर्ची उचलत राहिले, इथे स्टिअरिंग हलवत राहिले, आणि तोंडाने तो सांगत राहिला, स्थिर आहे, मस्त, काही काळजी नाही.

आणि ती. ती त्या आतल्या खोलीत रोज संध्याकाळी अशीच पडून राहत असणार. हातात काही नसताना. किल्लीच्या आवाजाची वाट बघत. कूस वळायची ती झोप मोडून नव्हे. तो घरात आला की मगच ती कूस वळायची, आणि मग झोपायची. इतकी वर्षं तो तिला जागं करू नये म्हणून चोरपावलांनी येत होता, आणि ती जागीच होती. जितका तो हळू आला तितकी तिला जास्त वाट बघावी लागली.

भोवऱ्याने वेग सोडला. वळणावर तिरप्या नजरेने शेजारी पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. हेल्मेटच्या आत माणूस रडतो तेव्हा फक्त हेल्मेट हलतं.  भोवऱ्याने गाडी नेहमीपेक्षा सावकाश, लांबच्या रस्त्याने, ट्रॅकचा अख्खा फेरा घालून आत आणली.

इंजिन बंद झालं. दोघांनी हेल्मेटं काढून मांडीवर घेतली. बाई खिडकीशी आल्या, त्यांच्या मागे साहेब. ओळंबेरावांचा चेहरा पाहून बाईंनी वळून साहेबांकडे पाहिलं.

"मागून हलतेय," तो म्हणाला. "भोवरा पहिल्या दिवसापासून खरं बोलतोय. सेन्सर चांगला आहे. पंख वर घ्या."

"म्हणजे मग तुमच्या धावा..." बाई म्हणाल्या.

"मीच धरून ठेवत होतो तिला. चालवताना मला कळलंच नाही."

साहेब खाली वाकले. आवाज उतरवून म्हणाले, "ठीक आहे ओळंबेराव. एक गाडी. होतं एखाद्या वेळी. ह्या गाडीचा शब्द मागे घेऊ."

"ह्या नाही. मी परत आल्यापासूनचे सगळे घ्या."

 ह्या गाडीआधी त्याने आणखी गाड्या पास केल्या होत्या. त्या ट्रॅकवरून निघून पुढे गेल्या होत्या. त्या सगळ्या परत बोलवायच्या, पुन्हा चालवायच्या, वरच्या लोकांना कारण सांगायचं.

"काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. तुम्ही बाईंना जुन्या रेघा काढायला लावा, सगळ्यांत करवत दिसेल. आणि मला सीटवर बसवू नका. मी कितीही म्हटलं तरी."

"किती दिवस?"

"ते मला नाही सांगता येणार, साहेब. आता माझं कुणी खरं धरू नये."

साहेबांनी खिडकीतून हात आत घातला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते. "मीच बसवायला नको होतं तुम्हाला," ते म्हणाले. "तुम्ही मागितलं आणि मी दिलं."

"नसतं दिलंत तर मी घरात काय केलं असतं?" तो म्हणाला.

भोवरा इतका वेळ समोरच्या काचेतून बघत होता. तो म्हणाला, "काका, मी खोटा ठरलो असतो तर बरं झालं असतं."

"गप रे. तू तुझ्या पोटाचं ऐकलंस. मी माझं बंद करून ठेवलं होतं."

पंख वर घ्यायला दुपार झाली. बाई स्वतः पान्हा घेऊन मागे बसल्या होत्या, कोणाला हात लावू देत नव्हत्या. साहेब म्हणाले, ओळंबेराव, तुम्ही घरी जा. तो कपडे बदलून आला, चालकाचा सूट खुंटीला लावला, पण घरी गेला नाही. कुंपणाच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे उभं राहून धाव बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

भोवरा बसला, एकटाच. पूर्ण वेगाची धाव. जाताना त्याने काचेतून हात केला. गाडी बाहेर पडली, पहिला फेरा हळू, मग दुसऱ्याला तिने उसळी घेतली. पिवळी गाडी जाळीसमोरून गेली ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. स्थिर होती. म्हणजे दिसली तशी. कालही कोणी इथे उभं असतं तर त्याला तशीच दिसली असती.

झाडांमागे ती दिसेनाशी झाली. आवाज पातळ झाला, मग तोही गेला.

"काका, खुर्ची आणू?" टायरवाल्याने मागून विचारलं. आज त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"नको. उभाच बरा."

"बाईंनी नीट बसवलाय पंख. मी पाहिलाय."

"हो."

त्याने दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवली.  पोटातला गोळा जागचा हलत नव्हता. नुकतीच ज्याला मुलगी झाली आहे असा माणूस झाडांच्या पलीकडे त्या वाऱ्याच्या जागेवर पोचत असेल, आणि इथे उभं राहून कोणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. इतक्या दिवसांत त्याला कशाचीच भीती वाटली नव्हती. आता वाटत होती, आणि ती येऊ देण्यापलीकडे त्याने काही केलं नाही.

लांबून आवाज यायला हवा होता. अजून आला नव्हता.